सर्पगंधा, खाजकुइली आणि डोपामीनचा शोध

कराडहून पाटणच्या बाजूस कोयनेच्या खोऱ्यात जाताना, पावसाळा सरल्यावर, झुडपांवर पसरलेले खाजकुइलीचे वेल दृष्टीस पडतात. शेंगांवरील तपकिरी कुसे अंगास लागली असता असह्य खाज सुटते, एवढीच या वेलीची सर्वसामान्य ओळख. आयुर्वेदात मात्र कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता या नावांनी तिचे बी बल्य व वृष्य म्हणून प्रसिद्ध आहे. पार्किन्सनच्या विकाराचा, म्हणजे कंपवाताचा, अर्वाचीन इतिहास या वेलीशी आणि सर्पगंधा या दुसऱ्या एका वनस्पतीशी निगडित आहे. या संबंधाविषयी अतिशयोक्ती आणि उपेक्षा दोन्ही घडल्यामुळे त्याचे स्वरूप तपासणे अगत्याचे ठरते.

जेम्स पार्किन्सन याने 1817 मध्ये लंडन येथे या विकाराचे वर्णन केले. 1919 मध्ये त्रेत्याकॉफ याने रुग्णांच्या मध्यमस्तिष्कातील ‘कृष्णद्रव्य’ नावाच्या भागातील पेशी नष्ट झाल्याचे दाखविले. परंतु या पेशी कोणते कार्य करतात हे अज्ञातच राहिले. डोपामीन हे द्रव्य 1910 मध्येच प्रयोगशाळेत तयार झाले होते. तथापि नॉरअॅड्रेनॅलिन तयार होतानाची एक पायरी, यापलीकडे त्यास दीर्घकाळ महत्त्व मिळाले नाही.

ही कोंडी फुटण्यास सर्पगंधा कारणीभूत झाली. 1931 मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावरील तिच्या परिणामाची नोंद केली होती. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी 50 रुग्णांवरील आपले निष्कर्ष 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि या मुळीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पीन वेगळे करण्यात आले. या औषधाने काही रुग्णांत कंपवातासदृश ताठरपणा उत्पन्न होतो, असे पुढे दिसून आले. 1957 मध्ये स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन यांनी रिसर्पीनने निश्चल झालेल्या प्राण्यांना लेव्होडोपा टोचले असता ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतील डोपामीनचा साठा रिसर्पीनमुळे रिता होतो, हे पुढील वर्षी सिद्ध झाले.

1960 मध्ये व्हिएन्ना येथे एरिंगर व हॉर्निकिविच यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा कृष्णद्रव्यातील तंतू जेथे पोहोचतात त्या भागात डोपामीन अत्यल्प आढळले. त्यामुळे विकाराची उपपत्ती स्पष्ट झाली. हालचालीची आज्ञा प्रमस्तिष्काच्या प्रेरक बाह्यकातून निघते. तिचे नियमन मेंदूच्या तळाशी असलेले तंत्रिका-पेशींचे पुंज करतात. डोपामीनच्या अभावी हे पुंज बाह्यकास अवाजवी लगाम घालतात. म्हणूनच स्नायूंत बळ असूनही रुग्णाचे पाऊल उचलत नाही. प्रेरक बाह्यकात डोपामीनचे तंतू थेटही पोहोचतात. नवे हस्तकौशल्य शिकण्यास ते आवश्यक असल्याचे 2009 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले.

डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. त्याचे पूर्वद्रव्य लेव्होडोपा शिरू शकते. 1961 मध्ये व्हिएन्नात त्याचा उपचार सुरू झाला आणि 1967 मध्ये कोट्झियास यांनी मोठ्या मात्रेचा तोंडावाटे उपयोग यशस्वी करून दाखविला. हेच द्रव्य मद्रास येथे दामोदरन व रामस्वामी यांनी 1937 मध्ये खाजकुइलीच्या बियांतून काढले होते; पण त्या वेळी कंपवाताशी त्याचा संबंध जोडण्याचे साधन कोणापाशीच नव्हते. 1978 मध्ये मुंबईत अशोक वैद्य, नोशीर वाडिया प्रभृतींनी या बियांचा कंपवातावरील उपयोग प्रसिद्ध केला. 2004 मध्ये लंडन येथील 8 रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत बियांच्या चूर्णाचा गुण नेहमीच्या औषधापेक्षा लवकर आला व अधिक काळ टिकला. मात्र आठ रुग्णांवरून अंतिम निर्णय देता येत नाही. शिवाय बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते.

एका वनस्पतीने डोपामीन हरण केले, म्हणून त्याचे कार्य कळले; दुसरीत त्याचे पूर्वद्रव्य होते, पण ते ओळखण्यास पहिलीने दिलेला धडा आवश्यक ठरला. प्राचीनांना डोपामीन ठाऊक होते असे म्हणणे इतिहासास धरून नाही. तसेच, या शोधाची कथा केवळ युरोपातील प्रयोगशाळांची आहे असे लिहिणेही नाही. वनस्पतीचा गुण जाणणे आणि त्या गुणाचे कारण जाणणे ही दोन भिन्न ज्ञाने होत. कंपवाताच्या रुग्णास हात हलविता आला तो या दोहोंची गाठ पडल्यावर.