टीटीवाय : तारघरातून आलेलं नाव

युसूफ वडगावात बसून मोबाईलवरून भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करा आणि 'टीटीवाय' ही कमांड द्या. उत्तरात 'पीटीएस' दिसेल, म्हणजे नुसतं टर्मिनलचं सोंग. मग खरं टर्मिनल कुठंय?

टीटीवाय म्हणजे टेलिटाईप. आपल्या तारघरांत खडखडणाऱ्या टेलिप्रिंटरचाच भाऊबंद. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशी संगणक रुजू झाला, तेव्हा प्रोग्राम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून आत जायचा. पुढं १९६९ मध्ये अमेरिकेत युनिक्स जन्मलं, ते टेलिटाईपसमोर बसूनच. १९९१ च्या लिनक्सनं तेच नाव वारशात घेतलं. भारतातली तारसेवा २०१३ मध्ये बंद पडली, नाव मात्र टिकलं.

आता अडचण बघा. नेटवर्कची सेटिंग बिघडली की एसएसएच बंद. उरतो कन्सोल. पण व्हर्च्युअल सर्व्हरला वायर लावणार कुठं? तो तर दुसऱ्या मशीनमधला एक प्रोग्राम!

त्यावर जुनाच उपाय आहे. यजमान मशीनचा खरा सिरियल पोर्ट पाहुण्या सर्व्हरच्या आभासी पोर्टला जोडायचा. पाहुण्याच्या कर्नलला सांगायचं, कन्सोल याच पोर्टवर. तिथंच लॉगिन मागणारा 'गेटी' बसवायचा. मग जुन्या टर्मिनलवरही बूटचे संदेश उमटतात, नेट नसलं तरी.

फक्त एक ध्यानात ठेवा : या दाराला फायरवॉल नसते. ज्या खोलीत टर्मिनल, त्या खोलीचं कुलूप हीच पहिली सुरक्षा.