नावांची सोपवणूक : डीएनएस, डोमेन कंट्रोलर आणि पुण्यातील विद्यासंस्थांचे पत्ते

प्रस्तावना

पुण्यातील लकडी पूल आज लाकडाचा नाही. मूळ लाकडी पूल कधीच गेला, त्या जागी दगडी पूल आला, त्याला संभाजी पूल असे अधिकृत नावही मिळाले. तरीही पुणेकर त्याला लकडी पूलच म्हणतात. शिवाजी पूल बांधून शंभर वर्षे होऊन गेली, पण जुन्या पुणेकरांच्या लेखी तो अद्याप 'नवा पूल'च आहे. एखादे नाव ज्या कारणाने पडते ते कारण नाहीसे झाले तरी नाव टिकते, कारण त्या नावावर पुढे असंख्य व्यवहार उभे राहिलेले असतात.

संगणकांच्या जाळ्यातही हेच घडते. तेथे नावांचा कारभार दोन व्यवस्था पाहतात. 'डोमेन नेम सिस्टिम' म्हणजे डीएनएस ही जगभरच्या इंटरनेटसाठी नावावरून यंत्राचा आकडी पत्ता शोधून देते. 'डोमेन कंट्रोलर' हा एखाद्या संस्थेच्या अंतर्गत जाळ्यातील वापरकर्ते, यंत्रे आणि त्यांचे अधिकार यांची नोंद ठेवणारा सर्व्हर होय. संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेत या दोहोंची उभारणी आभासी यंत्रांवर करून पाहण्याचा प्रयोग आता परिचयाचा आहे. हा प्रयोग केवळ तांत्रिक कृती म्हणून शिकविला जातो. त्यामागे चार दशकांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा पुण्यातील विद्यासंस्थांतून गेलेला आहे. प्रयोगापुरते ठेवलेले नाव प्रयोगापुरते राहत नाही, हा त्या इतिहासाचा बोध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. यादीकडून व्यवस्थेकडे

इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटमध्ये यंत्रांची नावे एका साध्या यादीत लिहिलेली असत. ही यादी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील माहिती केंद्र सांभाळीत असे. एलिझाबेथ फाइनलर या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवे यंत्र जोडावयाचे तर केंद्राला कळवावयाचे, केंद्राने यादीत नोंद करावयाची आणि सर्वांनी सुधारित यादी उतरवून घ्यावयाची, अशी ही पद्धत होती. जाळे लहान होते तोवर हे जमले. यंत्रे वाढली तशी यादी लांबली, ती उतरवून घेण्याचा भार वाढला, आणि एकच नाव दोघांनी मागितल्यास तंटा सोडविण्याचे कामही एकाच केंद्रावर आले.

१९८३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधील पॉल मॉकापेट्रिस यांनी यावर उपाय सुचविला. जॉन पोस्टेल यांनी हे काम त्यांच्याकडे सोपविले होते. नोव्हेंबर १९८३ मध्ये ८८२ व ८८३ या क्रमांकांचे दोन आरएफसी दस्तऐवज प्रसिद्ध झाले. पुढे १९८७ मध्ये १०३४ व १०३५ या दस्तऐवजांनी त्यांची जागा घेतली. या उपायाचे मर्म 'सोपवणूक' या एका शब्दात सांगता येते. सर्व नावांची एक यादी कोणीच ठेवावयाची नाही. मुळाशी असलेल्या सर्व्हरांनी फक्त 'कॉम', 'इन', 'यूके' अशा वरच्या नावांचा कारभार कोणाकडे आहे एवढेच सांगावयाचे. 'इन'च्या व्यवस्थापकाने त्याखालील शाखा कोणाकडे आहेत एवढेच सांगावयाचे. आणि अखेरच्या यंत्राचा पत्ता त्या त्या संस्थेने स्वतः द्यावयाचा. महसुली कारभारात जिल्हा, तालुका आणि गाव यांची दफ्तरे जशी वेगवेगळ्या हातांत असतात, तशीच ही रचना आहे. गावचा सातबारा जिल्ह्याच्या कचेरीत बसून कोणी लिहीत नाही.

२. 'इन' या नावाचा भारतातील प्रवास

भारतात संगणकीय जाळ्याचा पाया घातला तो 'एज्युकेशन अँड रिसर्च नेटवर्क' अर्थात ईआरनेट या प्रकल्पाने. १९८६ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने तो हाती घेतला. मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी म्हणजे एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, तत्कालीन पाच आयआयटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठ घटक त्यात सहभागी होते. हा मुळात संशोधनाचा प्रकल्प होता, सार्वजनिक सेवा नव्हे.

'इन' हे भारताचे वरच्या पातळीवरील नाव मे १९८९ मध्ये नोंदले गेले आणि त्याचा कारभार मुंबईच्या एनसीएसटीकडे आला. डॉ. एस. रमणी हे त्या संस्थेचे संचालक होते. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सेवा सुरू केल्यानंतर. म्हणजे देशाचे नाव जगाच्या नोंदवहीत गेले त्यानंतर सहा वर्षांनी जनतेला त्याचा उपयोग करता आला. नोंदणीचे नियमही कडक होते. १९९२ ते २००४ या काळात 'इन'खाली सुमारे ७ हजार नावेच नोंदली गेली. १ जानेवारी २००५ पासून हा कारभार नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आला आणि नोंदणी सर्वांस खुली झाली. शैक्षणिक व संशोधन संस्थांसाठी राखलेल्या 'एसी डॉट इन' आणि 'आरईएस डॉट इन' या शाखा मात्र ईआरनेटकडेच राहिल्या.

या संदर्भात पुण्याच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षणीय आहे. मार्च १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये तेथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. पुढे २००२-०३ च्या सुमारास एनसीएसटी ही संस्थाच सी-डॅकमध्ये विलीन झाली. देशाच्या नावाची वही ज्या संस्थेने प्रारंभी सांभाळली, तिचे स्वतःचे नाव अशा रीतीने पुण्यात मुख्यालय असलेल्या संस्थेत सामावले गेले.

३. पुण्यातील पत्ते : एक अल्प पाहणी

१९८८ मध्येच पुणे विद्यापीठाच्या आवारात डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका ही विद्यापीठ अनुदान आयोगाची संस्था सुरू झाली. ईआरनेटचे पुण्यातील केंद्र तेथेच होते. त्या काळात पुण्यातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांच्या पहिल्या पानावरील ई-मेल पत्ते पाहिले असता ईआरनेटचा ठसा स्पष्ट दिसतो. आयुकाचा पत्ता 'आयुका डॉट ईआरनेट डॉट इन', विद्यापीठाचा 'युनिपुणे डॉट ईआरनेट डॉट इन', विद्यापीठातील जैवमाहिती केंद्राचा 'बायोइन्फो डॉट ईआरनेट डॉट इन', आणि नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीचा 'जीएमआरटी डॉट ईआरनेट डॉट इन'.

या पत्त्यांत संस्थेच्या नावानंतर येणारे 'ईआरनेट' हे नाव संस्थेचा प्रकार सांगत नाही, की गावही सांगत नाही. ते फक्त जोडणी कोणी दिली हे सांगते. एका प्रकल्पाचे नाव अशा रीतीने शहरातील अनेक विद्यासंस्थांचे जणू आडनाव झाले. पुढे विद्यापीठ 'युनिपुणे डॉट एसी डॉट इन' या पत्त्यावर गेले, आयुकाने 'आयुका डॉट इन' हे नाव घेतले. छापील शोधनिबंध मात्र बदलत नसतात. त्यांतील पत्त्यावर आज एखाद्या तरुण संशोधकाने पत्र पाठविले तर ते पोहोचेल की नाही, हे जुन्या नावाची सोपवणूक कोणी चालू ठेवली आहे की नाही यावर अवलंबून राहते. पत्रव्यवहाराचा पत्ता हा संशोधनाच्या उत्तरदायित्वाचा भाग मानला, तर ही क्षुल्लक बाब नव्हे.

याउलट उदाहरणही पुण्यातच आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र विद्यापीठाच्या आवारात असले तरी ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. त्याचा पत्ता 'एनसीआरए डॉट टीआयएफआर डॉट आरईएस डॉट इन' असा आहे. उजवीकडून वाचत गेल्यास देश, संशोधन, मातृसंस्था आणि केंद्र अशी संपूर्ण वंशावळ त्यात येते. सोपवणुकीचे तत्त्व विद्यार्थ्यांस समजावून देण्यास याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

तिसरे उदाहरण विद्यापीठाच्या नामविस्ताराचे. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले. प्रमाणपत्रे, शिक्के, फलक बदलले. संकेतस्थळ मात्र त्यानंतरही 'युनिपुणे' याच नावाने चालत राहिले. लकडी पुलाचीच ही दुसरी आवृत्ती म्हणावी लागेल.

४. डोमेन कंट्रोलर : संस्थेच्या आतील नावे

आतापर्यंतचा विचार बाहेरच्या नावांचा झाला. संस्थेच्या आतील नावांचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीमध्ये 'डोमेन' ही संकल्पना होती. परंतु तिची नावे एकाच पातळीवरची, पंधरा अक्षरांच्या मर्यादेतील होती. त्यांना वंशावळ नव्हती. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि अंतर्गत डोमेनची नावे डीएनएसच्या रचनेत बसविण्यात आली. तेव्हापासून डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस यांची सांगड पडली. वापरकर्त्याचे यंत्र सुरू होते तेव्हा ते प्रथम डीएनएसला विचारते, की या डोमेनचा कंट्रोलर कोठे आहे. उत्तर सेवा-नोंदींतून, म्हणजे एसआरव्ही प्रकारच्या नोंदींतून मिळते. त्यानंतर केर्बेरॉस पद्धतीने ओळख पटविली जाते. दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक असल्यास, मूळ मांडणीत, ती ओळख नाकारली जाते.

या व्यवस्थेतील सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे नाव बदलणे. विंडोज २००० मध्ये एकदा ठरलेले डोमेनचे नाव बदलण्याची सोयच नव्हती. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये ती आली, पण अनेक अटींसह. त्यामुळे प्रयोग म्हणून उभारलेले जाळे पुढे कामाला जुंपले गेले, की पहिल्या दिवशी सुचलेले नावच कायमचे होऊन बसे.

५. आभासी प्रयोगजाळ्याची उभारणी

१९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन बाजारात आले आणि एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालविणे सामान्य संगणकावर शक्य झाले. पूर्वी ज्या प्रयोगास तीन-चार यंत्रे लागत, तो आता एका मेजावर होतो. त्याचा क्रम असा ठेवावा.

प्रथम आभासी यंत्रांसाठी बाहेरच्या जाळ्याशी संबंध नसलेले स्वतंत्र अंतर्गत जाळे निवडावे. महाविद्यालयाच्या चालू जाळ्याशी थेट जोडलेला प्रयोगाचा सर्व्हर पत्ते वाटू लागला, तर शेजारच्या कार्यालयातील यंत्रेही त्याचे पत्ते घेऊन बसतात. पत्ते १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या श्रेणीतील घ्यावेत. १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने ही श्रेणी खासगी वापरासाठी राखलेली आहे. पहिल्या आभासी यंत्रास स्थिर पत्ता द्यावा आणि त्याच्या डीएनएसच्या जागी त्याचा स्वतःचाच पत्ता लिहावा. डोमेनचे नाव कागदावर ठरवून मगच त्या यंत्रास डोमेन कंट्रोलर करावे. त्यानंतर सेवा-नोंदी तयार झाल्या आहेत की नाहीत हे पाहावे. दुसऱ्या आभासी यंत्राच्या डीएनएसच्या जागी पहिल्याचा पत्ता लिहून ते डोमेनमध्ये दाखल करावे.

विद्यार्थ्यांचा प्रयोग बहुधा याच शेवटच्या पायरीवर अडतो. दुसऱ्या यंत्रात बाहेरच्या सेवादात्याचा डीएनएस तसाच राहिलेला असतो. त्याला या खासगी डोमेनची माहिती असण्याचे कारण नाही, आणि 'डोमेन सापडत नाही' असा संदेश येतो. शिक्षकाने येथे थांबून कारण विचारावे. सर्वांना सर्व नावे माहीत नसतात, योग्य दफ्तरात विचारावे लागते, हे १९८३ चे तत्त्व विद्यार्थ्याला या चुकीतून आपोआप उमगते.

६. खासगी नावांचा सार्वजनिक परिणाम

मग प्रयोगाच्या डोमेनला नाव कोणते द्यावे? जून १९९९ मध्ये आरएफसी २६०६ ने 'टेस्ट', 'एक्झाम्पल', 'इनव्हॅलिड' आणि 'लोकलहोस्ट' ही वरच्या पातळीवरील नावे राखून ठेवली. तरीही प्रत्यक्षात कचेऱ्यांतून 'लोकल', 'कॉर्प', 'होम' अशी मनाने घेतलेली नावेच रूढ झाली. मायक्रोसॉफ्टच्या स्मॉल बिझनेस सर्व्हरनेही 'लोकल' हेच नाव सुचविले होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ ने 'लोकल' हे नाव वेगळ्याच कामासाठी राखले आणि असंख्य चालू जाळी अडचणीत आली.

'कॉर्प'ची कथा अधिक बोधप्रद आहे. नवीन वरची नावे खुली करताना असे आढळले, की खासगी जाळ्यांतील यंत्रे बाहेर गेल्यावरही आपल्या आतील नावांची विचारणा जगाच्या मूळ सर्व्हरांकडे करीत राहतात. ते नाव उद्या कोणास विकले, तर ती सारी विचारणा त्या खरेदीदाराकडे जाईल. म्हणून नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅनने फेब्रुवारी २०१८ मध्ये 'कॉर्प', 'होम' आणि 'मेल' ही नावे कोणासही न देण्याचे ठरविले. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'कॉर्प डॉट कॉम' हे नाव याच धोक्यापोटी विकत घेतले. अखेर जुलै २०२४ मध्ये आयकॅनने 'इंटर्नल' हे नाव खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले. पहिल्या राखीव नावांनंतर पंचवीस वर्षांनी ही सोय झाली.

समारोप

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला अध्यापनाविषयी आहे. प्रयोगजाळ्यास 'टेस्ट' वा 'इंटर्नल'खालील नाव द्यावे, अथवा महाविद्यालयाच्या स्वतःच्या नावाखाली प्रयोगशाळेची एक शाखा काढून ती तिच्याकडे सोपवावी. दुसऱ्या मार्गात विद्यार्थ्यास सोपवणुकीचा प्रत्यक्ष अनुभव मिळतो. दुसरा निष्कर्ष संस्थांविषयी आहे. नाव बदलताना जुने नाव किती काळ व कोणी सांभाळावयाचे याचा निर्णय लेखी व्हावयास हवा. कारण त्या नावाने छापलेले शोधनिबंध, पत्रे आणि दाखले आपल्या हाती राहिलेले नसतात. ईआरनेटच्या पत्त्यांनी पुण्यातील एका संशोधक पिढीचे जगाशी नाते जोडले. तो इतिहास जपण्याचे काम ज्या हातांत ती नावे सोपविली गेली, त्यांचेच आहे.