गांजाच्या हानीचे माप

रावेतमध्ये आज महाविद्यालये आणि नव्या सोसायट्या शेजारीशेजारी उभ्या आहेत. अशा तरुण वस्तीत गांजाचा विषय निघाला, की दोन टोकांची मते ऐकू येतात. ‘गांजाने पोरगा वेडा होतो’ हे एक आणि ‘झाडपाल्याने काय होणार’ हे दुसरे. हानी मोजायची कशी, हा प्रश्न मागेच राहतो. आपल्या देशात मात्र तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

१८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत या विषयावर प्रश्न विचारला गेला आणि मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला गेला. मुंबई इलाख्यासह देशभर हिंडून त्याने १,१९३ साक्षी नोंदवल्या. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्या हा त्या काळी मोठा पुरावा मानला जाई. १८९२ साली दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा-भांगेची नोंद होती. आयोगाने एकेक प्रकरण मुळापासून तपासले. कारणाचा रकाना पुष्कळदा पोलिसांच्या कागदावरून भरला जाई. रुग्ण गांजा ओढतो एवढे कळले, की तेच कारण ठरे! छाननीनंतर ९८ प्रकरणे उरली आणि त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत दुसरे कारण जोडीला होते. माफक सेवनाने सहसा फारसे बिघडत नाही, अतिरेकाने बिघडते, असा निष्कर्ष १८९४ मध्ये निघाला.

पण म्हणून निर्धास्त व्हावे काय? स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांची माहिती घेऊन पुढे पंधरा वर्षे पाठपुरावा झाला. पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट आढळले. इतर कारणे वजा केल्यावर ते घटले. संबंध मात्र पुसला गेला नाही.

शिवाय वेड हे हानीचे शेवटचे टोक झाले. २०१२ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन तरुणांसाठी पन्नास प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. नाती बिघडली का, अभ्यास बुडाला का, कमी करायचे ठरवूनही जमले नाही का, नशेत गाडी चालवली का, अशा गोष्टी ती विचारते. कोणत्याही इस्पितळाच्या वहीत न येणारे नुकसान इथे दिसू लागते.

आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भांग-गांजा-चरसच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख लोक आहेत. १९८५ च्या कायद्याने गांजा बाळगणे गुन्हा असल्याने मुले खरे सांगायला कचरतात. म्हणून विचारणाऱ्याने आधी विश्वास द्यायला हवा. १८९२ मध्ये भीतीपोटी भरलेला रकाना पुढे खोटा ठरला. भीतीपोटी रिकामा ठेवलेला रकानाही तितकाच खोटा असतो.