वेब सेवांचे संदेशवहन

दोन संगणकप्रणाली इंटरनेटवरून ठरलेल्या नमुन्यात निरोप पाठवून एकमेकींकडून काम करून घेतात, त्या व्यवस्थेला वेब सेवा म्हणतात. निरोप बहुधा एक्सएमएल किंवा जेसनमध्ये असतो आणि एचटीटीपीएसवरून जातो. त्याचे तुकडे क्रमाने पोहोचवणे हे त्याखालच्या टीसीपीचे काम. निरोप पोहोचला म्हणजे काम झाले, असा समज मात्र सर्रास आढळतो आणि तो घातक आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या एनपीसीआय या देयक महामंडळाने २०१६ मध्ये सुरू केलेली यूपीआय ही पैसे पाठवण्याची व्यवस्था पोच आणि निकाल वेगळे असल्याचा उत्तम दाखला आहे. घाटकोपरच्या भाजीवाल्याचा क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की ग्राहकाच्या ॲपमागची बँक एनपीसीआयच्या मधल्या स्विचकडे ‘रेक-पे’ हा एक्सएमएल निरोप धाडते. स्विच त्याच जोडणीवर देतो ती केवळ पोच. मग विक्रेत्याचा पत्ता विचारणे, एका खात्यातून रक्कम वजा करणे, दुसऱ्यात जमा करणे यांसाठी वेगवेगळे निरोप सुटतात आणि खरे उत्तर ‘रेस्प-पे’ म्हणून मागाहून स्वतंत्रपणे येते. व्यवहार क्रमांक मात्र सगळीकडे एकच राहतो. उत्तर अडकले तर पुन्हा नव्याने पैसे पाठवायचे नाहीत, त्याच क्रमांकावर स्थिती विचारायची. नाहीतर खात्यातून दोनदा पैसे कापले जाऊ शकतात.

यावर आक्षेप असा की, रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये प्रबंधात मांडलेल्या रेस्ट शैलीत एचटीटीपीच्याच क्रिया आणि स्थितिसंकेत वापरता येतात, मग निरोपात वेगळी यंत्रणा कशाला? दोनच पक्ष थेट बोलत असतील तिथे हा आक्षेप रास्त आहे. पण ‘स्वीकारले, काम बाकी’ असे सांगणारा २०२ हा संकेत एचटीटीपीतच आहे. म्हणजे अंतिम निकाल दुसऱ्या निरोपानेच कळणार, हे तिथेही गृहीत आहे. एचटीटीपीएसमागच्या टीएलएसची सुरक्षा पुरेशी आहे, हा दुसरा आक्षेप. टीएलएस एका जोडणीपुरते असते, स्विचपाशी ते संपते. निरोप कोणी लिहिला याचा पुरावा पुढे टिकवायचा तर डिजिटल सही निरोपातच हवी, आणि यूपीआयने ती तिथेच ठेवली आहे. एक्सएमएल बोजड आहे हे खरे, पण वादाच्या वेळी हाच सहीचा निरोप कामी येतो. पोच आणि निकाल यांतल्या फटीत माणसाचे पैसे अडकतात, याची दखल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये घेतली: एका व्यक्तीने दुसरीला यूपीआयने पाठवलेली रक्कम वजा होऊन जमा झाली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत करायची, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई.