मोटारीच्या शेपटीवरचा पंख

सांबऱ्याच्या विद्यार्थ्यांना विमानाची शेपटी अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, येथे विमानतळ उभा राहिला. शेपटीवरील उभा पंख विमानाची दिशा स्थिर राखतो. त्याचा आकार गरजेतून आलेला आहे. तोच पंख जमिनीवर धावणाऱ्या मोटारीवर कसा आला, हा इतिहास मनोरंजक तितकाच उद्बोधक आहे.

जनरल मोटर्सने १९२७ साली मोटारींच्या रूपरचनेसाठी हार्ली अर्ल यांच्या हाताखाली स्वतंत्र विभाग काढला. लॉकहीड पी-३८ या दोन शेपट्यांच्या लढाऊ विमानाची छाप अर्ल यांच्यावर पडली आणि १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागील दिव्यांवर लहानसे पंख उमटले. रस्त्यावरच्या वेगाला त्यांचा काहीच उपयोग नव्हता. उपयोग होता तो विक्रेत्याला. कारण दरवर्षी रूप पालटले की गतवर्षीची धडधाकट गाडी मालकालाच जुनाट वाटू लागे. १९५९ च्या कॅडिलॅकवर हे पंख सर्वांत उंच झाले आणि पुढील काही वर्षांत ओसरले.

आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला व १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. १९४७ पासून कुर्ल्यास क्रायस्लरच्या डॉज व प्लिमथ गाड्यांची जुळणी होऊ लागली. त्या उंच छपराच्या, ऐसपैस होत्या. माणसाला डोक्यावरील टोपीसह आत बसता यावे, असा क्रायस्लरचे प्रमुख केलर यांचा आग्रह असे. त्या उंचीत आपला फेटाही मावला असता.

पुढे प्रीमियरने इटलीच्या फिएटची मोटार स्वीकारली. तिच्या मागच्या कोपऱ्यांवर त्याच अमेरिकन पंखांची धाकटी आवृत्ती होती. पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे अतिशय महाग. त्यांचा खर्च विपुल विक्रीवाचून भरून निघत नाही. त्यामुळे १९६४ ची ती आकृती, पुढे पद्मिनी या नावाने, शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत राहिली. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

अमेरिकेने थोड्याच वर्षांत टाकून दिलेली हौस आपण निरुपायाने अनेक दशके सांभाळली. वालचंदांनी कारखाने उभारले. मोटारीचा आकार मात्र परदेशातूनच आला. जुळणी ही उद्योगाची पहिली पायरी होय. हा आकार कोणाच्या गरजेतून ठरला, असा प्रश्न प्रत्येक यंत्रापुढे उभे राहून विचारणे, ही दुसरी. ती चढण्याचे काम आजच्या विद्यार्थ्यांचे आहे.