औद्योगिक मानसशास्त्रज्ञांच्या संघटनांचे आंतरराष्ट्रीय सहकार्य

कारखाने, कचेऱ्या, वाहतूक इ. क्षेत्रांतील मानवी श्रमाचा मानसशास्त्रीय अभ्यास करणाऱ्या तज्ञांनी संशोधनाची देवघेव, कसोट्यांचे प्रमाणीकरण व व्यावसायिक प्रशिक्षणाची निश्चिती यांसाठी निरनिराळ्या देशांत मिळून केलेले संघटित प्रयत्न. या प्रयत्नांचा प्रारंभ १९२० मध्ये झाला. कामगाराची पारख कोणाच्या हितासाठी करावयाची, हा प्रश्न त्यांच्या इतिहासात आरंभापासून निगडित आहे.

विल्यम स्टर्न (१८७१–१९३८) या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये ‘मानसतंत्रविद्या’ या अर्थाची संज्ञा रूढ केली. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग (१८६३–१९१६) याने अमेरिकेत ट्रामचालकांच्या निवडीसाठी प्रायोगिक कसोटी तयार केली. पहिल्या महायुद्धात अशा कसोट्यांचा वापर झपाट्याने वाढला. एकट्या अमेरिकेच्या सैन्यात सु. १७ लाख सैनिकांची बुद्धिपरीक्षा घेण्यात आली. तथापि प्रत्येक देशातील कसोट्या व गुणदानाच्या पद्धती भिन्न असल्यामुळे एका देशातील निष्कर्ष दुसऱ्या देशातील निष्कर्षांशी ताडून पाहणे कठीण होते.

ही अडचण दूर करण्याच्या दृष्टीने एद्वार क्लापारेद (१८७३–१९४०) या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९२० मध्ये जिनीव्हा येथे मानसतंत्रविद्येची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. व्यवसाय मार्गदर्शन हा तिचा मुख्य विषय होता. क्लापारेदने १९१२ मध्ये तेथेच रूसोच्या नावाने शिक्षणशास्त्राची संस्था स्थापन केली होती. विद्यार्थ्याची अभिक्षमता ओळखून त्याला अनुरूप व्यवसाय दाखविणे, हे शिक्षणाचेच एक अंग होय, अशी त्याची धारणा होती. या परिषदेतून उभ्या राहिलेल्या संघटनेची अधिवेशने पुढे बार्सेलोना (१९२१), मिलान (१९२२), पॅरिस (१९२७), उत्रेक्त (१९२८) आणि पुन्हा बार्सेलोना (१९३०) येथे झाली.

१९३१ मध्ये मॉस्को येथे भरलेल्या अधिवेशनात या सहकार्याची खरी कसोटी लागली. अधिवेशनाचा अध्यक्ष इसाक श्पिलराइन (१८९१–१९३७) हा सोव्हिएट मानसतंत्रविद्येचा अग्रणी होता. भांडवलशाही देशांतील मानसतंत्रविद्या वर्गनिरपेक्ष असू शकत नाही, असे प्रतिपादन त्याने केले. पाश्चात्त्य तज्ञांपैकी अनेकांना ते मान्य झाले नाही. परंतु निवडीच्या कसोट्या मालकाच्या सोयीसाठी की कामगाराच्या हितासाठी, हा मुद्दा त्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर आला. या वादाचा निर्णय शास्त्रीय चर्चेने लागण्यापूर्वीच राजसत्तांनी त्यात हस्तक्षेप केला. जर्मनीत नाझी राजवट आल्यानंतर ज्यू असलेल्या स्टर्नला १९३३ मध्ये हँबुर्ग विद्यापीठातील पदावरून दूर करण्यात आले. पुढे त्याला देशही सोडावा लागला. श्पिलराइनला १९३५ मध्ये अटक झाली व १९३७ मध्ये देहान्त शासन देण्यात आले. १९३६ मध्ये सोव्हिएट साम्यवादी पक्षाच्या मध्यवर्ती समितीने शाळांतील मानसिक कसोट्यांचा निषेध करणारा ठराव केला आणि त्यानंतर तेथील मानसतंत्रविद्याही संपुष्टात आली. बार्सेलोनाचा एमील्यो मीरा इ लोपेथ (१८९६–१९६४) याने स्पेनमधील यादवी युद्धानंतर देश सोडला व अखेर ब्राझीलमध्ये कार्य उभारले. १९३४ च्या प्राग अधिवेशनानंतर १५ वर्षे संघटनेचे अधिवेशन भरू शकले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर आंरी प्येराँ (१८८१–१९६४) या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली संघटनेची पुनर्बांधणी झाली आणि १९४९ मध्ये बर्न येथे अधिवेशन भरले. अभ्यासक्षेत्र केवळ कसोट्या व कर्मचारी निवड यांपुरते मर्यादित न राहिल्यामुळे १९५५ च्या लंडन अधिवेशनात संघटनेने ‘आंतरराष्ट्रीय अनुप्रयुक्त मानसशास्त्र संघटना’ हे नाव स्वीकारले. पुढे तिच्यात विषयवार विभाग निर्माण झाले. त्यांपैकी पहिला विभाग कार्य व संघटन मानसशास्त्राचा आहे.

याच काळात राष्ट्रीय व प्रादेशिक संघटनाही बळावल्या. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचा औद्योगिक मानसशास्त्राचा विभाग १९४५ पासून कार्य करीत होता. १९८२ मध्ये त्याला स्वतंत्र नोंदणीकृत संस्थेचे स्वरूप देण्यात आले. यूरोपात १९९१ मध्ये कार्य व संघटन मानसशास्त्राची यूरोपीय संघटना स्थापन झाली. या दोन संघटना आणि आंतरराष्ट्रीय संघटनेचा पहिला विभाग यांनी २००९ मध्ये परस्परांशी सहकार्याचा करार केला. संशोधनाचे निष्कर्ष धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचविणे आणि कामगारांचे कल्याण हा संघटनांच्या कार्यक्षमतेइतकाच महत्त्वाचा विषय मानणे, ही या सहकार्यामागील प्रमुख सूत्रे होत.

एका समाजात तयार झालेली पद्धत दुसऱ्या समाजात जशीच्या तशी लागू पडत नाही, हाही या सहकार्यातून मिळालेला एक धडा होय. कसोट्यांचे भाषांतर व रूपांतर कसे करावे, याविषयी आंतरराष्ट्रीय कसोटी आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत. संघटनांच्या औपचारिक कार्याबाहेर भारतातही याचा प्रत्यय आला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचा ए. के. राइस याने १९५३ मध्ये, तेव्हा मुंबई राज्यात असलेल्या अहमदाबाद येथील कॅलिको गिरणीत स्वयंचलित मागांवरील कामाची गटवार फेररचना सुचविली. कामगारांनी ती कल्पना आपलीशी करून आपले गट स्वतःच बनविले. परिणामतः उत्पादन वाढले व खराब कापडाचे प्रमाण घटले. ज्यांच्या श्रमाचा अभ्यास करावयाचा, त्यांचा सहभाग असल्याखेरीज परदेशी पद्धत रुजत नाही, हे या प्रयोगाने दाखविले. १९३१ मध्ये मॉस्कोत उपस्थित झालेल्या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे. आंतरराष्ट्रीय करारांमुळे कसोट्या व अभ्यासक्रम यांत एकवाक्यता आणता येते. परंतु मालक वा शासन यांच्या दडपणापासून तज्ञांचे स्वातंत्र्य अबाधित राहिले, तरच त्या एकवाक्यतेचा लाभ कामगारापर्यंत पोहोचू शकतो.