औषध म्हणून हवा

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंडाळा मागे टाकून खंबाटकी घाट ओलांडला, की सुरूर फाट्यावरून एक रस्ता वाईला फुटतो आणि पुढे पसरणी घाटाने पाचगणीला चढतो. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात क्षयाचे रोगी हवापालटासाठी पाचगणीला जात. १९१२ मध्ये डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी तिथे बेल-एअर आरोग्यधाम उभारलं. तेव्हा क्षयावर गुणकारी औषध नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार यांवरच सारी भिस्त. मिरजेजवळच्या वॉनलेसवाडीतही तीच रीत. पुढे १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि हवेचा मान उतरला.

पण औषध म्हणून हवा पुन्हा परतली, आणि तीही बंद टाकीत.

सातारा-सांगलीत तंबाखू आणि मिश्री घरोघरची. तोंडाचा कर्करोग झाला की याच घाटाने उलट दिशेला, पुण्याला किंवा परळच्या टाटा रुग्णालयाकडे जायचं. किरणोपचाराला गावाकडे ‘शेक’ म्हणतात. शेकाने गाठ जाते, पण आसपासच्या बारीक रक्तवाहिन्याही आक्रसतात. जबड्याच्या हाडाला रक्त कमी पडतं. मग चार-पाच वर्षांनी एखादा दात काढावा, तर खड्डा भरतच नाही. हाड उघडं पडून कुजायला लागतं. अशा हाडाला प्राणवायू पोहोचवण्यासाठीच ती बंद टाकी: रोग्याला आत बसवून वाढीव दाबाखाली प्राणवायू देतात.

टाकीचा शोध काही या रोग्यांसाठी लागला नव्हता. तिचा वापर व्हायचा तो खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्यांसाठी. मुंबईत कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात तिची परंपरा आहे. १९६० मध्ये ॲम्स्टरडॅमच्या बोरेमा यांनी डुकराच्या पिलांच्या रक्तातल्या जवळपास सगळ्या तांबड्या पेशी काढून टाकल्या आणि तिप्पट दाबाच्या प्राणवायूत ती जगवून दाखवली. दाब वाढला की प्राणवायू रक्तद्रवातच विरघळतो, हे त्यामागचं गणित.

ते जबड्यापर्यंत आणलं अमेरिकेतल्या रॉबर्ट मार्क्स यांनी. १९८५ च्या चाचणीत त्यांनी शेक घेतलेल्या ७४ जणांचे दात काढले. निम्म्यांना पेनिसिलिन दिलं, निम्म्यांना टाकीत बसवलं. पेनिसिलिनवाल्यांपैकी ११ जणांचं हाड कुजलं, टाकीवाल्यांपैकी दोघांचं. झालं, पुढची तीसेक वर्षं दात काढण्याआधी टाकीत बसणं हा जणू नियमच ठरला.

हवेवरची श्रद्धा आपल्याला नवी नाही, पण हिशेब तपासावा लागतो. २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत टाकीत बसलेले आणि न बसलेले, दोन्ही गटांत हाड कुजण्याचं प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपासच निघालं. त्याच वर्षीच्या नॉर्डिक देशांतल्या चाचणीत मात्र शेकामुळे दुखावलेल्या मूत्राशयाला टाकीने आराम पडला. म्हणजे टाकी खोटी नाही, सर्वगुणीही नाही. शिवाय रोज दीड तास, अशा तीस-चाळीस खेपा. खंडाळ्याच्या शेतकऱ्याला एवढी ये-जा कशी परवडावी?

त्यापेक्षा शेक सुरू होण्याआधीच किडलेले दात काढून घ्यावेत. आणि नंतर कधीही दाताच्या डॉक्टरकडे गेलात, तर खुर्चीत बसण्याआधी ‘मी शेक घेतलाय’ एवढं नक्की सांगा.